दिलशादच्या सुट्टीचे दोन दिवस

"दीदी न्हाईत?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून ती आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघत होती.

"दिलशाद सुट्टीवर आहे," मी म्हटलं. "मी आहे ना. बसा."

"मग आमी बुधवारी येतो," तिची आई म्हणाली, आणि दोघी पायात चपला घालून जिन्यावरून खालीही उतरल्या.

सोमवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि मला बघून परत जाणारी ही तिसरी जोडी होती. जिन्यापाशी भली मोठी पाटी होती. डॉ. नीलिमा देवल, एम. डी., त्वचारोगतज्ज्ञ. सांगलीत विश्रामबागेत तेव्हा चेहऱ्याच्या उपचारांचं असं दुसरं क्लिनिक नव्हतं. लेझरचं मशीन आणणारी मी पहिली. ते चालवायला दिलशादला शिकवलं मीच. आणि आता माझ्याच दारात लोक मला विचारत होते की दीदी नाहीत का?

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिलशाद मुजावर मिरजेची. आधी एका ब्यूटी पार्लरमध्ये होती. माझ्याकडे आली ती मदतनीस म्हणून, टॉवेल धुणं, ट्रे लावणं असल्या कामांना. सहा वर्षांत सगळं क्लिनिक तिच्या हातात गेलं, आणि कधी गेलं ते मला कळलं नाही. हात इतका हलका की लेझर चालू असताना बायका झोपून जायच्या. कुणाला कितीवर मशीन लावायचं, कुणाची कातडी लगेच काळवंडते, कुणाच्या सासूला हे माहीत नाही, सगळं तिच्या डोक्यात. शिवाय एक सवय होती. नवीन नवरी आली की आधी तिच्या आईशेजारी बाकावर जाऊन बसायची आणि अर्धा अर्धा तास गप्पा मारायची. मी आतून घड्याळाकडे बघत चडफडत असे. एकदा म्हटलंही, "दिलशाद, आपण क्लिनिक चालवतो की वधू-वर सूचक मंडळ?"

"मॅडम, बोललं की समजतं," एवढंच म्हणाली होती.

आमचं निम्मं वर्ष एप्रिल-मेच्या लग्नसराईवर चालायचं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, इस्लामपूर, कुठून कुठून मुली यायच्या. आणि ऐन लग्नसराईत, शनिवारी संध्याकाळी, ही बाई माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "मॅडम, सोमवार-मंगळवार मला सुट्टी लागेल."

"वेडी आहेस का? अकरा नवऱ्या आहेत येत्या आठवड्यात."

"सोमवार-मंगळवारचं मी सगळं हलवलंय. फक्त तिघी-चौघी येतील. पुण्याला जायचंय. बहिणीकडे काम आहे."

तिचा नवरा अस्लम दोन वर्षांपासून पिंपरीला कारखान्यात होता. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर मला काही वाटलं नसतं. तिनं बहिणीचं घेतलं, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मलाही वाईट वाटेल," ती म्हणाली. "पण जावं लागेल."

आणि गेली. एखाद्यावर एवढं अवलंबून असणं किती संतापजनक असतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. तिला रागवायचीही सोय नव्हती. रुसली तर काय करायचं? तिच्या सुट्टीच्या दिवशी मी माझ्याच क्लिनिकमध्ये पाहुणी असायचे. कापूस कुठल्या कपाटात आहे तेही मला माहीत नसायचं.

साडेबाराच्या सुमाराला गीतांजली सूर्यवंशी आली. एकटीच आली होती, तासगावजवळच्या गावाहून. बाविसेक वर्षांची, गव्हाळ, गालांवर जुन्या मुरुमांचे बारीक डाग. लग्न पुढच्या बुधवारी. म्हणजे हातात नऊ दिवस.

"दीदी न्हाईत?" तिनंही विचारलंच.

"नाहीत," मी म्हटलं. "पण क्लिनिक माझं आहे."

ती ओशाळली. बिचारी परत जाऊ शकत नव्हती, एसटीनं दीड तास करून आली होती. मी तिचं कार्ड काढलं. त्या दिवसाच्या रकान्यात दिलशादच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: "फक्त साधं क्लीनअप. पील नको."

पील म्हणजे सौम्य आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढायचा. तिच्या डागांना तेच हवं होतं. नऊ दिवस म्हणजे त्याला अगदी योग्य वेळ. कुठल्याही पुस्तकात हेच सापडेल. आणि माझी मदतनीस मला लेखी कळवत होती की पील नको! कारण नाही, काही नाही. जणू मी तिची असिस्टंट.

"दीदी पील नको का म्हणाल्या?" मी गीतांजलीला विचारलं.

"काय म्हाईत. आईशी बोलत हुत्या."

"तुला डाग गेलेले हवेत की नकोत?"

"हवेत की."

मी पेन उचललं आणि ती ओळ खोडली. खोडली म्हणजे अशी की कागद फाटायचाच बाकी राहिला. खाली लिहिलं, पील, आणि सही केली. डॉ. देवल. मग खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच्या हातांनी पील केलं. छान झालं. मोजून तीन मिनिटं, मग धुतलं, थंड पट्ट्या ठेवल्या. सहा वर्षांनीसुद्धा मला माझं काम येत होतं, याचा मला इतका आनंद झाला की मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले.

"चेहऱ्याला दोन-तीन दिवस काहीही लावायचं नाही. साबण नाही, पावडर नाही, क्रीम मी दिलंय तेवढंच. उन्हात जायचं नाही. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी कसं करून ठेवलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कळलं.

क्लिनिकचं कुलूप अजून माझ्या हातात होतं आणि जिन्यावर तिघी उभ्या होत्या. गीतांजलीनं चेहऱ्यावरून ओढणी घेतली होती. शेजारी तिची आई, डोळे रडून सुजलेले. आणि एक दणकट बाई, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ही गीतांजलीची आत्या.

"ही बगा," आत्या म्हणाली आणि तिनं ओढणी खसकन ओढली. "बगा तुमची करणी."

चेहरा लालभडक सुजला होता. गालांवर आणि हनुवटीवर ओलसर चट्टे, आणि त्या सगळ्यावर पिवळाजर्द रंग. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या कडेला, केसांच्या मुळांशी, सगळीकडे पिवळं.

"हे काय लावलं?"

"हळद," आई पुटपुटली.

"हळद? मी काल स्वच्छ सांगितलं होतं की काही लावायचं नाही! साबणसुद्धा नाही म्हटलं होतं!"

"साबण कुठं लावलाय?" आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "हळद काय लावायची वस्तू हाय व्हय डॉक्टरीणबाई? ती देवाची."

"पण लग्न तर पुढच्या बुधवारी आहे. हळद आत्तापासून?"

"चोरहळद हाय ती," आत्या कडाडली. "आमच्यात आठ-नऊ दिवस आदी घरातल्या घरात लावत्यात. पाच सवाष्णी. पोरगी म्हणाली, त्वांड चुरचुरतंय. मी म्हटलं, हळद थंड असती, बरं वाटंल. चांगली चोळून चोळून लावली. मला सपान पडलं व्हतं का तुमी दुपारी कातडं सोलून ठेवलंय म्हणून?"

"मग मला सांगायचं नाही का?"

"चोरहळद गावभर सांगून करत्यात व्हय? दीदीनं इचारलं व्हतं, म्हणून हिनं सांगितलं तिला. तुमी इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. सांगलीत जन्म गेला माझा, हळदीच्या पेठेच्या गावात. कुठल्या घरात हळद किती वेळा लागते, हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आणि दिलशाद त्या बाकावर बसून अर्धा अर्धा तास हेच तर विचारत होती.

"आत या," मी म्हटलं. "आधी हे थंड पाण्यानं उतरवू या, मग मलम देते. आठवड्यात..."

"हात लावायचा न्हाई," आत्या आडवी आली. "आता दीदी येऊ द्या. दीदी आल्याबिगर पोरीच्या त्वांडाला कुणी हात लावायचा न्हाई."

"अहो, ती पुण्याला गेलीय. मी डॉक्टर आहे."

"ते कळलं काल."

गीतांजली हळूच म्हणाली, "आत्या, आग हुतीया गं." मी एक पाऊल पुढे झाले. पण आत्या ढिम्म हलली नाही. बाकावर मांडी ठोकून बसली, आणि जो पेशंट जिना चढून वर येईल त्याला पहिल्यापासून सगळी हकीकत सांगू लागली. पहिल्या तासात चौघीजणी ऐकून परत गेल्या. एकीला तर मी ओळखत होते, माझ्याच सोसायटीतली.

मी आत जाऊन दिलशादला फोन लावला. पाचव्यांदा तिनं उचलला.

"मॅडम, मी नंतर करू का? जरा कामात आहे."

"सूर्यवंशीची गीतांजली आलीय." मी सगळं सांगितलं. नाही, सगळं नाही. पील झालं आणि वर हळद लागली, एवढं सांगितलं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मॅडम, खरं सांगते. मी इथं एका क्लिनिकमध्ये आलेय. दोन दिवस काम बघून मग नोकरीवर घेणार आहेत. काल चांगलं झालं. आज मोठ्या डॉक्टर स्वतः बघणार आहेत. अस्लमची दोन वर्षं झाली हो एकट्याची. घ्यावं म्हटलं काम पुण्यातच."

म्हणजे पाल खरीच चुकचुकली होती. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. बाहेर आत्याचा आवाज चढत होता.

"किती वाजता सुटशील?"

"सहाला."

"सहापर्यंत माझ्या क्लिनिकचं नाव सांगलीत उरणार नाही, दिलशाद. ती बाई कुणाला हात लावू देत नाही. पोरीचा चेहरा तसाच आहे. सकाळपासून आग होतेय तिची."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. दिलशादला काय लागेल ते मला नेमकं माहीत होतं.

"आत्याला फोन द्या," ती म्हणाली.

मी फोन बाहेर नेऊन दिला. आत्या आधी गरजली, मग ऐकू लागली, मग "बरं", "बरं बाई", "मऊ कापड, व्हय" असं म्हणाली. फोन मला परत देताना तिनं नजर वळवली. "त्या सांगत्यात तसं करा. थंड पाण्याच्या पट्ट्या. चोळायचं न्हाई म्हणाल्यात." हेच मी तासाभरापूर्वी सांगितलं होतं. शब्दन् शब्द हेच.

दिलशाद चारला पोचली. स्वारगेटहून मिळेल त्या गाडीनं निघाली होती. केस विस्कटलेले, हातात पिशवी. आल्या आल्या तिनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि आधी टेबलावरचं कार्ड उचललं.

मी ते फाडून टाकायला हवं होतं, किंवा निदान खणात सारायला हवं होतं. दिवसभरात सुचलं नाही. तिनं ते वाचलं. तिची ओळ, त्यावरच्या माझ्या रेघोट्या, खाली माझी सही. वाचायला दोन सेकंद लागतील एवढाच मजकूर होता, ती बराच वेळ बघत राहिली. मग कार्ड पालथं ठेवलं आणि बाहेर गेली. मीही तिच्यामागे गेले.

"दीदी, बगा वो," आई तिच्या गळ्यातच पडली.

"बघते, बघते. रडायचं नाही. आत्या, किती चोळलंत?"

"आता मला काय म्हाईत," आत्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पर ह्या डॉक्टरीणबाईनं..."

"नाही आत्या, मॅडमचं नाही काही," दिलशाद म्हणाली. "चूक माझी. तुमच्याकडं चोरहळद आहे हे मला माहीत होतं. मॅडमना सांगायचं राहून गेलं. सुट्टीच्या गडबडीत विसरले मी. मॅडमना कसं कळणार?"

बाकावर तेव्हा आणखी तिघी बसल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

"तू विसरलीस?" आत्याला पटेना.

"माणूस आहे. विसरले. काय बोलायचं ते मला बोला."

मी दारात उभी होते. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, आणि मी तो घालवला. आत्यानं दिलशादला दोन-चार शब्द सुनावले, पण त्यात आता दम नव्हता. आपल्या माणसाला बोलावं तसं बोलली ती. मग दिलशादनं गीतांजलीला आत नेलं आणि दीड तास तिच्या चेहऱ्यावर ओल्या मलमलीची घडी टेकवत आणि उचलत राहिली. मी मलमं लिहून दिली. माझं काम तेवढंच होतं.

जाताना तिनं आत्याला बजावलं, "आता मोठ्या हळदीला फक्त हात आणि पाय. कपाळाला बोटभर टिकली. आणि कुणी आग्रह केला तर?"

"त्याचं हात तोडती मी," आत्या म्हणाली, आणि चक्क हसली.

सगळे गेल्यावर दिलशाद सिंकपाशी पिवळे झालेले कपडे धुवत उभी राहिली. मला म्हणायचं होतं की तू असं का बोललीस? मला म्हणायचं होतं की उद्या मी तासगावला जाऊन त्यांना खरं सांगते.

"तुझ्या पुण्याचं काय झालं?" मी विचारलं.

"घरी अडचण आली म्हणून सांगून निघाले. मोठ्या डॉक्टर यायच्याच होत्या." तिनं कपडा पिळला. "फोन करून कळवतो म्हणालेत. कालचं काम आवडलं होतं त्यांना."

"आणि नक्की झालं तर कधी जाणार?"

"लग्नसराई संपल्यावरच जाईन मॅडम. तुम्हाला अशी मध्येच सोडून नाही जाणार. आणि जायच्या आधी सगळं वहीत लिहून देईन, कुणाला किती, काय. नवीन मुलगी तयार करून देईन."

इतकं सरळ बोलली की मला उलट जास्तच चीड आली. नवीन मुलगी! म्हणजे पुन्हा सहा वर्षं. पुन्हा कुणाला तरी मशीन शिकवायचं, आणि लोक म्हणणार, दीदी नाहीत? त्या रात्री जेवताना मी यजमानांशी विनाकारण भांडले.

गुरुवारी दुपारी पुण्याहून फोन आला. बाई मोठ्या सभ्य होत्या. नाव सांगितलं, वेळ आहे का विचारलं.

"दिलशाद मुजावर तुमच्याकडे सहा वर्षं आहेत ना? पहिल्या दिवसाचं काम बघून आमच्याकडचे सगळे खूश झाले. पण दुसऱ्या दिवशी मी येण्याआधीच त्या निघून गेल्या. घरची अडचण म्हणाल्या. मला जबाबदारीच्या जागेवर माणूस हवंय, म्हणून मोकळेपणानं विचारते. असं वारंवार होतं का?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोलावलं म्हणून ती आली. संपलं असतं.

पडद्याच्या फटीतून मला दिलशाद दिसत होती. बाकावर एका बाईच्या शेजारी बसून काहीतरी विचारत होती, मान हलवत होती.

"हात फार चांगला आहे तिचा," मी म्हटलं. "त्यात प्रश्नच नाही."

"पण?"

"पण नाही तसं. फक्त थोडं लक्ष ठेवावं लागतं. परवाच एका नवरीच्या बाबतीत घोटाळा झाला. महत्त्वाची माहिती सांगायची विसरली. चेहरा भाजल्यासारखा झाला, लग्न नऊ दिवसांवर. घरचे दिवसभर येऊन बसले होते."

"अरे बापरे. ही चूक नक्की यांचीच होती?"

"तिनं स्वतः कबूल केलं, सगळ्यांसमोर," मी म्हटलं. "प्रामाणिक आहे त्या बाबतीत."

त्या बाईंनी आभार मानले. मीही मानले. फोन ठेवला, आणि खोटं का सांगू, छातीवरचं एक ओझं उतरलं. पुढचा पेशंट मी स्वतः हसत हसत बघितला.

गीतांजलीचा चेहरा सातव्या दिवशी जवळजवळ निवळला. हनुवटीवर एक तपकिरी डाग राहिला होता, तो झाकायला दिलशाद लग्नाच्या दिवशी पहाटे तासगावला गेली. दुपारी परत येऊन कामाला लागली. येताना आत्यानं डबाभर बुंदीचे लाडू दिले होते. "तुमच्यासाठी पण दिलेत मॅडम," ती म्हणाली. "म्हणाली, डॉक्टरीणबाईस्नी उगंच बोलले, त्यांचा काय दोष."

मी एक लाडू खाल्ला. दुसऱ्याला हात लावला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी आले तेव्हा दिलशाद आतल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. माझी चाहूल लागली तरी वळली नाही.

"पुण्याहून नाही म्हणाले, मॅडम."

"अरेरे," मी म्हटलं. शब्द इतका सहज आला की मलाच नवल वाटलं. "जाऊ दे. त्यांचं नुकसान."

"मीच फोन केला होता. म्हटलं, मध्येच निघाले म्हणून नाही म्हणताय का? तर तसं नाही म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत. काय ते सरळ सांगितलं त्यांनी." तिनं टॉवेलची कड दुसऱ्या कडेला लावून हातानं सारखी केली. "नवरीचं तुम्ही सांगितलंत?"

नाही म्हणता आलं नसतं. मग मी जे बोलले ते आजही आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

"त्यांनी विचारलं. मी खोटं कसं बोलणार, दिलशाद?"

आता ती वळली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी वाट बघत राहिले. ते कार्ड टेबलाच्या खणातच होतं. हात घालून काढायची खोटी होती. तिनं ते माझ्या तोंडावर फेकावं, ओरडावं, निदान रडावं, असं मला खरोखर वाटत होतं. आपलं चुकलेलं असलं की दुसऱ्यानं भांडलेलं फार बरं असतं.

"नाही, बरोबर आहे," ती म्हणाली. "पाच माणसांत मीच म्हटलं होतं तसं. तुम्ही तरी दुसरं काय सांगणार?"

आवाजात टोमणा असेल म्हणून मी शोधला. नव्हता.

"अस्लम उद्या येतोय. सांगते त्याला, खोली बघू नको म्हणून. तीन ठिकाणी बघून ठेवल्यात येड्यानं." तिनं टॉवेल कपाटात ठेवले, दार लावलं आणि पडद्यापाशी जाऊन थांबली.

"बाहेर दोघी बसल्यात, मॅडम. आत पाठवू?"

"पाठव," मी म्हटलं.